खुर्शीदभाभींचा महाल

आमच्या तिसगावात एक मेलेला माणूस चार वर्षं मखरं करत होता. थट्टा करत नाही. लालमहंमद बेचाळीस साली हिवतापानं गेला, आणि तरी सेहेचाळीस सालापर्यंत गणपतीचं मखर बघून लोक म्हणत, "लालमहंमदचं काम हाय, बघायलाच नको." मोहरमच्या ताबुताची जाळी बघून म्हणत, "हात बघा लालमहंमदचा!" लालमहंमदचा हात कबरस्तानात होता. जाळी कातरत होती त्याची बायको, म्हणजे आमच्या खुर्शीदभाभी. खरं सांगायचं तर तो जिवंत होता तेव्हाही त्याच कातरत होत्या.

मी त्या वेळी तिसगावच्या शाळेत मास्तर होतो. माझं नाव राधाकृष्ण, पण गावाला नुसतं मास्तर पुरे होतं. माझं अक्षर चांगलं होतं. गावातल्या पाट्या, नोटिसा, लग्नाची बोलावणी, सगळं लिहिणं माझ्याकडे येई आणि मला त्याचा नको तेवढा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण या हकिकतीत शहाणा माणूस मी नाही.

नवराबायकोच्या कामाची वाटणी अशी होती. लालमहंमद बांबूच्या कामट्या तासायचा, सांगाडा बांधायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि मिरवणुकीत पुढं चालायचा. माणूस भला होता, मी त्याला नावं ठेवत नाही. बाकीचं सगळं भाभींचं. कागदाची आठपदरी घडी घालायची, पेन्सिलीची एक रेघ न मारता बारीक कात्रीनं कुरतडत जायचं आणि घडी उलगडली की अख्खी जाळी, एक पाकळी इकडची तिकडे नाही. कणकेची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा. आणि शेवटी बेगड लावायची. बेगड म्हणजे कागदाइतकी पातळ कथलाची पत्री, एका अंगाला रंगीत, दुसऱ्या अंगाला पांढरी. बेगड लावल्याशिवाय भाभींच्या लेखी काम पुरं होत नसे. खांब असो, कमान असो, कळस असो, झाकायचा तो बेगडीनं.

एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली नव्हती. फार पूर्वी एकदा ताबुताच्या आत मेणबत्ती ठेवली होती आणि वाऱ्यानं कागद पेटला. कुणाला इजा झाली नाही, पण लालमहंमदनं तेव्हापासून कागदाच्या आत दिवा ठेवायला साफ बंदी केली. उजेड असायचा तो बाहेरून, गॅसबत्तीचा. भाभी एकदा मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, जाळी कातरायची ती आतल्या उजेडासाठी. बाहेरनं बत्ती मारली तर नुसती भोकं दिसत्यात. माझी जाळी आजवर कुनी बघितलीच न्हाई." मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत शेती आणि हातकामाचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी चावडीवर नोटीस लावली. दुसऱ्याच दिवशी भाभी शाळेच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"माझी बी एक वस्तू ठिवायची हाय, मास्तर."

"ठेवू की. कुणाच्या नावानं लिहू?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. "कुनाच्या म्हंजे? माझ्या. खुर्शीदच्या. तेवढ्यासाठीच तर करती हाय. न्हाईतर मला काय कमी कामं हायेत?"

मी बरं म्हटलं. आपण वरवर म्हणतो तसं.

त्यांनी करायला घेतला चांदबिबीचा महाल. तिसगावाहून नगरला जाताना डोंगरावर तो आठकोनी तीन मजली महाल दिसतो, तोच. खरं म्हणजे ती चांदबिबीची इमारत नव्हे, सलाबतखानाची कबर आहे, असं मी पोरांना शिकवत असे. भाभींनाही मी ते ऐकवलं. मास्तरांना गप्प बसवत नाही. त्या म्हणाल्या, "असंल कबर त्याची. पर लोक नाव तिचंच घेत्यात ना? मग झालं की."

महाल दीड हात उंच होता. लढाईमुळं कागदाची टंचाई, म्हणून पुठ्ठा लष्कराच्या खोक्यांचा आणि आतलं अस्तर मिळेल त्या रद्दीचं. पण बाहेरून बघाल तर चोवीस कमानी, प्रत्येक कमानीत वेगळी जाळी. मी वेगळी म्हणतो म्हणजे वेगळीच. दोन सारख्या शोधून दाखवा असं त्या पोराबाळांना आव्हान द्यायच्या.

अशात नगरहून शमशेर आला. शमशेर म्हणजे लालमहंमदचा पुतण्या. लढाईत तो लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायचा, लढाई संपल्यावर तिथलंच भंगार विकत घेऊन विकायचा. त्यानं खिशातून बोराएवढे सहा काचेचे दिवे काढून चाचीच्या पुढ्यात ठेवले आणि चार मसाले. बॅटरीतल्या त्या नळकांड्यांना आम्ही मसालेच म्हणायचो. तिसगावात तेव्हा विजेचा एक खांब नव्हता. भाभींनी दिवा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"ह्यानं कागद पेटतो का?"

"नाही पेटत, चाची. आत ज्योत नाही, तार तापते."

"मग घाल आत," भाभी म्हणाल्या. घरात ती दोघं दखनीत बोलत, मी आपल्या मराठीत सांगतो.

शेजारच्या दगडाबाईनं हे ऐकलं आणि अंगणातूनच हाक दिली, "अगं खुर्शीद, कागदात इज घालतीस व्हय? आख्खी आळी जाळशील!" भाभींनी तिला आत बोलावलं, पेटलेला दिवा तिच्या तळहातावर ठेवला आणि शंभर आकडे मोजायला लावले. दगडाबाईला वीसच्या पुढं येत नव्हतं, पण हात भाजला नाही हे तिला कळलं.

शमशेरनं उघडी, बारीक तांब्याची तार आणली होती. वेष्टणाची जाड तार कमानीतून दिसेल म्हणून भाभींनीच ती नको म्हटली होती. दोन तारा वरपासून खालपर्यंत, मध्ये दिवे. लागले सहाच्या सहा. शमशेर चहा पिऊन गावात मिरवायला गेला. इकडे भाभींना त्या तारा डोळ्यांत खुपू लागल्या. कागदाचं काम करणारं माणूस उघडा सांगाडा बघूच शकत नाही. त्यांनी बेगड घेतली आणि पांढरं अंग आत ठेवून तारांभोवती छान घट्ट गुंडाळली, वर, खाली, आडवी, उभी. महाल आतूनही झगमगायला लागला. मग त्यांनी हौसेनं मसाले जोडले. एक दिवा लागेना. उलट मसाले इतके तापले की हातात धरवेनात.

शमशेर परत आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "शॉट केलंस चाची! बेगड म्हणजे धातू. ह्या तारेतला करंट दिव्यापर्यंत जायच्या आधीच बेगडीतून त्या तारेत उडी मारतो. काढ सगळी बेगड."

"बेगड काढली तर राहिलं काय? पुठ्ठा?"

"मग दिवे काढ."

"दिवे बी न्हाई काढनार."

"मग बस अंधारात," असं म्हणून तो तडक नगरला निघून गेला. जाताना मसाले आणि दिवे मागे ठेवले, एवढं बरं केलं.

तीन-चार दिवसांनी मी प्रदर्शनाची यादी करायला भाभींच्या घरी गेलो, तर महाल अर्धा उसवलेला आणि तारांचं वेटोळं चुलीशेजारी. मला वाटलं, हरल्या. समजूत घालावी म्हणून म्हणालो, "राहू द्या दिवे, भाभी. असाही छानच आहे."

त्या अशा भडकल्या! "असाही म्हंजे कसाही? ऱ्हाऊ द्या म्हनायला तुमी कोन? बसा हितं." मी बसलो. "शमशेर म्हनला, बेगडीतनं करंट जातो. मी दोन दिस रडले. मग म्हनलं, अगं, जातो ना? मग जाऊ दे की! तार पायजेच कशाला? जी बेगड वाटंत करंट पळवती, ती मी सांगीन तितं न्हेईल का न्हाई?"

आणि त्यांनी मला दाखवलं. बेगडीच्या बोटभर रुंद दुहेरी पट्ट्या कापल्या होत्या. पहिल्यांदा दिवा लागलाच नाही, कारण पट्टीची रंगीत बाजू दिव्याला लावली होती. रागानं नखानं रंग खरवडला तर दिवा लुकलुकला. तिथं त्यांना कळलं की रंगातून करंट जात नाही, पांढऱ्या अंगातून जातो. मग पट्टी पट्टीला खळीनं चिकटवली, तर पुन्हा अंधार. मध्ये खळीचा पापुद्रा आड येत होता. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मास्तरकीच्या कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. ताबुताचे जे भाग शेवटच्या दिवशी सोडवायचे असतात, ते कागदवाले चिकटवत नाहीत. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुमडतात आणि नखानं दाबतात. भाभींनी प्रत्येक जोड तसा बांधला, पांढऱ्या अंगाला पांढरं अंग, खळीचा थेंब नाही. एक पट्टी मजल्याच्या वर, एक खाली, दोघींचा कुठं स्पर्श नाही. दिव्याच्या मानेला एक, बुडाला दुसरी.

"आता बघा," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं आणि शेवटची दुमड दाबली.

शेणानं सारवलेल्या भुईवर, भिंतीवर, माझ्या धोतरावर, भाभींच्या हातावर त्या चोवीस जाळ्या उमटल्या. वेल, चांदण्या, पानं, कुयऱ्या. वीस वर्षं मी त्यांचं काम बघत होतो आणि ते मी आत्ता पहिल्यांदा बघितलं. भाभी हसत होत्या, अगदी पोरीसारख्या.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. तेव्हा आता पुढचं ऐका.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही शाळेत वस्तूंच्या नावाच्या चिठ्ठ्या तयार करत होतो. अध्यक्ष होते आबासाहेब. शंभर-सव्वाशे एकरांचे धनी, शाळेच्या दोन खोल्या त्यांनीच बांधून दिलेल्या, आवाज मोठा, मन वाईट नाही. महालाची पाळी आली तेव्हा त्यांनी आत डोकावून बघितलं, दिवे लावून बघितले, फार खूश झाले आणि म्हणाले, "काय पोरगं निघालं शमशेर! लिवा मास्तर, विजेची रचना शमशेरची. आन् कागद लालमहंमदच्या घरचा. परदर्शन बघायला नगरचे साहेब येनार हायेत उद्या, त्यांना समजंल असं लिवा."

"वीजही भाभींनीच..." मी सुरू केलं.

"बाईमानसाला करंटमधलं काय कळतंय, मास्तर? लिवा."

मी लिहिलं. 'चांदबिबीचा महाल. विद्युत रचना : शमशेर. कागदकाम : कै. लालमहंमद यांच्या घरून.' सुबक, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. का लिहिलं? आबासाहेबांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही, आणि आजही त्या चिठ्ठीची आठवण झाली की माझ्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

सकाळी वर्ग माणसांनी गच्च भरला. महालासाठी एका कोपऱ्यातल्या खिडक्यांवर गोणपाटं टांगून अंधार केला होता. मसाले टिकावेत म्हणून माणसं जमली की दिवे लावायचे आणि लगेच विझवायचे असं ठरलं होतं. शमशेरही नगरहून आला होता. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि तो नुसता हसत होता. माझं काही नाही, असं म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. मला तरी कुठं पुरला होता?

भाभी आल्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. त्या सरळ महालाशी गेल्या आणि चिठ्ठीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. लाज वाटते, पण होतो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्यात 'ख' कुठं हाय?"

मी चिठ्ठी उगाच सरळ करायला लागलो.

"खंडोबाच्या पालखीला दर साली 'ख' मीच कातरते. त्याचा आकार मला ठावा हाय. ह्या चिठ्ठीत 'ख' न्हाई. मग माझं नाव कशानं लिवलंय तुमी?"

भोवतालची माणसं वळली. "वाचा," भाभी म्हणाल्या. मी वाचलं. 'घरून' या शब्दाला माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

आबासाहेब पुढं झाले. "खुर्शीद, घरच्याचंच नाव हाय की गं. तुझ्या मालकाचं, तुझ्या पुतन्याचं. परकं कोन हाय त्यात?"

"मालक जाऊन चार वरसं झाली, आबासाहेब. त्यांना सुखानं झोपू द्या. त्यांच्याकडनं लई काम करून घेतलं तुमी."

कुणीतरी हसलं. आबासाहेबांना ते लागलं. "बरं, कागद तुझा. पर इजेचं तुला काय कळतंय? शमशेर, तूच सांग बाबा, कुनी केलं?"

शमशेरनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली. "चाची, जाऊ दे ना. नाव कुणाचं का असेना, घरातच आहे."

भाभींनी त्याच्याकडे बघितलं. त्या ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी महालाच्या दर्शनी भिंतीत, खालच्या कमानीतून दोन बोटं घातली आणि वरपर्यंत टराटरा फाडत नेली. चाळीस दिवसांचं काम. तीन मजल्यांच्या तीन कमानी, तीन जाळ्या. दगडाबाई किंचाळली. मीही ओरडलो असेन.

महाल आतून उघडा पडला. अस्तर माझ्याच शाळेच्या जुन्या परीक्षेच्या पेपरांचं होतं, लाल शाईतले माझे 'नापास' सगळ्या गावाला दिसत होते. आणि त्यावरून गेलेल्या बेगडीच्या चकचकीत पट्ट्या. मधली मोठी पट्टी त्या फाडण्यात तुटून लोंबत होती.

"शमशेर, ये फुडं," भाभी म्हणाल्या. "तुझी तार दाखीव. ह्यात कुठं हाय ती?"

शमशेर वाकला, बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. तार नव्हतीच. त्यानं त्या पट्ट्यांवरून नजर फिरवली, दुमडी बघितल्या आणि हळूच म्हणाला, "ही माझी कामगिरी नाही, आबासाहेब. मला हे जमलंच नसतं."

"आता बोलून काय उपेग?" आबासाहेब गुरगुरले, पण आवाज पडला होता. "मोडला की महाल. आता साहेबांना काय दाखवायचं?"

भाभींनी मसाले जोडायला घेतले.

"अगं, आत हात घालू नगंस! शाक बसंल!" कुणीतरी ओरडलं.

"बसला तर मला बसंल," असं म्हणून भाभींनी तुटलेल्या पट्टीची दोन टोकं धरली, पांढऱ्यावर पांढरं अंग ठेवलं आणि चिमटीत गच्च दाबली.

सहाच्या सहा दिवे लागले. पुढची भिंत गेलेली, पण उरलेल्या एकवीस जाळ्या गोणपाटावर, आबासाहेबांच्या फेट्यावर, शमशेरच्या पडलेल्या तोंडावर उमटल्या. भाभींनी चिमूट जरा सैल केली, अंधार. पुन्हा दाबली, उजेड. डोक्यावरून पदर घसरला तरी त्यांनी दुसरा हात उचलला नाही.

"करंटमधलं मला काय कळतं ते कळलं का?" त्या म्हणाल्या. "मास्तर, ती चिठ्ठी काढा. दुसरी लिवा. लिवून हुईस्तवर मी सोडनार न्हाई."

मी आबासाहेबांकडे बघितलं. सवय जात नाही. ते दुसरीकडे बघत होते. मग मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं, जुनी चिठ्ठी टरकावली, कोरा पुठ्ठा घेतला, दौत उघडली.

"नाव पूर्ण काय लिहू? खुर्शीद... लालमहंमद?"

"खुर्शीद. बास."

मसाले सकाळपासून वापरात होते. दिवे पिवळे पडले, मग तांबूस व्हायला लागले. जाळ्या भिंतीवर विरत चालल्या. विझायच्या आत लिहून व्हावं म्हणून मी भरभर टाक फिरवू लागलो. 'खु' वेडावाकडा आला.

"घाई करू नगा, मास्तर," भाभी म्हणाल्या. त्यांच्या बोटांची टोकं दाबून पांढरी झाली होती. "चांगल्या अक्षरात लिवा. मी धरलंय."